ताई, तुम्ही तो आकडा परत पाठवलात त्याबद्दल

लातूर

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं ताई म्हणतो. इतकी वर्षं पुण्यात राहूनही तुमचं अंबाजोगाईचं बोलणं गेलेलं नाही. माझा कोड वाचून तुम्ही पहिल्यांदा फोन केलात तेव्हा नमस्काराच्याही आधी विचारलंत, "तू नेमकं काय मोजायलास, ते सांग बरं." त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांसाठी हे पत्र.

फोनवर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून उघडच लिहितो. नवा कोड लिहिणाऱ्याला शाबासकी मिळते. नोकरी, संसार सांभाळून रात्री दहानंतर दुसऱ्याचा कोड ओळ न् ओळ वाचणाऱ्याचे कष्ट मात्र कुणाला दिसत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना तरी ते दिसावेत.

आमच्या कॉलेजच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला पाइपचा वेग मोजणारा एक छोटा प्रोग्राम आहे. तुम्ही इथं शिकत असताना लिहिलेला. पाइप म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडात नेणारी कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, वाट. टर्मिनलवर आपण दोन कमांडच्या मध्ये उभी रेघ देतो, तीच. डग मॅकिलरॉय यांनी 1964 साली बेल लॅब्जमध्ये एका टिपणात सुचवलं होतं की, बागेतल्या रबरी नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्यक्षात आणलं. आज पन्नास वर्षं उलटली, तरी लातूरच्या लॅबमधलं पोरगं पहिल्या महिन्यात तीच उभी रेघ शिकतं.

तुमचा प्रोग्राम साधा होता. दोन प्रोसेस (म्हणजे चालू असलेले दोन प्रोग्राम), एक लिहिणारी आणि एक वाचणारी, दर वेळी 4 केबीचा ब्लॉक, शेवटी सेकंदाला किती एमबी गेले ते छापायचं. मला वाटलं, हा जुना झालाय. मी ब्लॉकचा आकार 4 केबीपासून 1 एमबीपर्यंत दुपटीनं वाढवत नेला, पाइपचा बफर, म्हणजे डेटा मध्ये थांबतो ती जागा, मोठा करायची सोय घातली, वेळ मोजायची पद्धत बदलली, आलेख काढला आणि सगळं एकाच गठ्ठ्यात तुम्हाला पाठवून दिलं.

आलेख देखणा होता. 64 केबीपर्यंत रेघ हळूहळू चढत होती आणि तिथून पुढं सरळ आकाशाकडं. मी खाली निष्कर्षही लिहून टाकला होता : ब्लॉक जितका मोठा, तितका पाइप वेगवान. पुढच्या सोमवारी तो फळ्यावर लिहायचाही ठरवलं होतं.

तुम्ही तो आलेख पाहून एवढंच म्हणालात, "64च्या पुढं ब्लॉक दुप्पट केला की वेगही दर वेळी दुप्पट व्हायलाय. इतकं नेमकं दुप्पट कसं काय रे?" आणि लगेच दुसरं : "पाइपमध्ये डेटा दोनदा कॉपी होतो. लिहिणाऱ्याकडून कर्नलमध्ये एकदा, कर्नलमधून वाचणाऱ्याकडं एकदा. मग तुझा पाइप साध्या एकेरी मेमरी कॉपीच्या कितीतरी पुढं कसा गेला? तेवढं मोजून सांग."

मी मोजलं. साधी मेमरी कॉपी माझ्या पाइपच्या फार मागे पडली. असं होणं शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं, पण चूक कुठं आहे ते सापडेना. दोन रात्री कोड चाळत बसलो. तुम्हाला ती पहिल्या वाचनातच दिसली होती, हे तुम्ही नंतर कबूल केलंत. तेव्हा मात्र उत्तर न सांगता एक प्रश्न दिलात : "लिहिणारी प्रोसेस शेवटी कशी संपते, ते बघ."

मी कधी बघितलंच नव्हतं. ही लिहिणारी पोरगी प्रोसेस संपेपर्यंत तिला सुरू करणारी आई-प्रोसेस थांबत होती, पण ती कशी संपली हे कुठं विचारलेलंच नव्हतं. दोन ओळी घालून ते छापून घेतलं. स्क्रीनवर आलं : सिग्नल 13.

ताई, ते 13 बघून अंगावर काटा आला. 13 म्हणजे सिगपाइप. वाचणारा उठून गेल्यावरही लिहिणारा लिहीत राहिला, की कर्नल त्याला हा सिग्नल देऊन तिथंच संपवतं. म्हणजे माझी लिहिणारी प्रोसेस काम पुरं करून घरी जातच नव्हती. प्रत्येक वेळी अर्ध्यावर मारली जात होती आणि मी त्या अर्ध्या कामाचा पूर्ण पगार मोजत होतो.

पुढचं मग उलगडत गेलं. लिनक्समध्ये पाइपचा बफर मुळात 65,536 बाइटचा असतो, म्हणजे मेमरीची 4 केबीची 16 पानं. कर्नलच्या 2.6.11 या आवृत्तीच्या आधी तर तो एकाच पानाचा होता. लिहिणारा 1 एमबी लिहायला निघाला, की जागा होईल तसतसा लिहीत तो थांबत थांबत पूर्ण लिहितो. वाचणाऱ्याचं तसं नसतं. त्यानं 1 एमबी मागितला, तरी त्या क्षणी पाइपमध्ये जेवढं असेल तेवढं त्याच्या हातात पडतं, फार तर 64 केबी. किती मिळालं हे वाचायच्या 'रीड' या हुकमाच्या उत्तरातच लिहिलेलं असतं. मी ते उत्तर न बघता फेऱ्या मोजत होतो आणि दर फेरीला 1 एमबी आला असं धरत होतो. निदान सोळापट फुगलेला आकडा! ठरलेल्या फेऱ्या झाल्या की वाचणारा पाइप बंद करून निघून जायचा आणि मागं लिहिणारा 13 नंबरच्या सिग्नलनं मरायचा.

त्या रात्री आईची आठवण झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेचे 10 वॅगन आणि 5 लाख लिटर हे आकडे गावात सगळ्यांच्या तोंडी होते. आई मात्र टँकर गल्लीत आला की आपल्या दारात घागरी किती भरल्या, एवढंच बोटांवर मोजायची. माझ्या लूपमध्ये नेमकं तेच मोजायचं राहिलं होतं. तुम्हाला हे फोनवर सांगितलं तर तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, "आता तुला कळलं. लिही आता नीट."

नीट लिहायला घेतलं तरी तुम्ही तो गठ्ठा तसाच्या तसा घेतला नाहीत. म्हणालात, आधी गठ्ठा सुटा कर. बफरचा आकार आणि ब्लॉकचा आकार एकाच पॅचमध्ये, म्हणजे कोडमधल्या एकाच बदलात, बदललास, तर आकडा कुणामुळं हलला हे तुझ्या नातवालाही सांगता येणार नाही. एका गठ्ठ्याचे पाच पॅच झाले. पहिला फक्त मिळालेले बाइट मोजण्याचा. दुसरा प्रोसेस कशी संपली ते तपासण्याचा. घड्याळाचा तिसरा, कारण मी कॉम्प्युटरच्या तारीख-वेळ दाखवणाऱ्या घड्याळाची वेळ घेत होतो आणि नेटवर्कवरून वेळ दुरुस्त झाली तर ती मध्येच मागे-पुढे सरकते. तिथं फक्त पुढंच जाणारं मोनोटॉनिक घड्याळ हवं. उरलेले दोन, दोन आकारांचे. प्रत्येक पॅचखाली तो का आहे हे दोन ओळींत लिहायला लावलंत. त्या दोन ओळी लिहिताना जेवढं कळलं, तेवढं कोड लिहिताना कळलं नव्हतं.

आणि ते वेळेचं. तुम्ही विचारलंत, "हे आकडे किती वाजताचे?" मला प्रश्नच समजला नाही. जुन्या प्रोग्रामचे रीडिंग मी सकाळी घेतले होते, नव्याचे दुपारी. मे महिना, वर पत्रा, पारा चाळिशीच्या पुढं, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय. मध्ये एकदा लाइट गेली तेव्हा तो बॅटरीवरही चालला. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, बॅटरीवर गेला तरी बहुधा उतरवतो. मी सकाळ आणि दुपार यांची तुलना करून तिला जुन्या आणि नव्या कोडची तुलना म्हणत होतो. तुम्ही पद्धत घालून दिलीत : चार्जर लावलेला, प्रोसेसरचा वेग एका जागी बांधलेला, एकदा जुना एकदा नवा असे आलटून पालटून रीडिंग आणि सरासरीऐवजी मधला आकडा. सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून द्यायच्या. त्यावर तुम्ही दिलेला दाखला आता मी वर्गात जसाच्या तसा सांगतो : नळाला आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग धार. घागर धारेखाली धरायची.

आपण अडकलो ते कोरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या, मुद्द्यावर, आणि तिथं मी तुमच्याशी भांडलोही. माझं म्हणणं होतं, दोन्ही प्रोसेस कुठल्या कोरवर चालवायच्या ते कर्नलमधल्या काम वाटून देणाऱ्या शेड्युलरला ठरवू द्या, खऱ्या वापरात तसंच होतं. तुमचं म्हणणं, मग रोज वेगळं उत्तर येईल. शेवटी दोन्ही तऱ्हेनं करून बघितलं. एक बाइट इकडून तिकडं आणि परत, असा खेळ असेल तर दोन्ही प्रोसेस एकाच कोरला बांधल्यावर काम लवकर झालं, कारण झोपलेल्या दुसऱ्या कोरला दर वेळी उठवावं लागत नव्हतं. माल भरभरून वाहायचा असेल तर वेगळे कोर बरे पडले, एक लिहितो तेव्हा दुसरा वाचतो. तेव्हा "तुझंही बरोबर आहे, दोन्ही छाप, पण कुठलं कशाचं ते लिहून छाप" असं म्हणालात. तुमच्याच जुन्या कोडमध्ये हा भेद नव्हता, हेही तुम्ही स्वतःहून मान्य केलंत आणि त्या जागी तशी टीप घालायला सांगितलीत. वीस वर्षं अनुभव असलेलं माणूस नवशिक्यासमोर असं बोलतं तेव्हा पुढं कितीही चुका सापडल्या तरी त्या दाखवायला भीती वाटत नाही.

नवा आलेख आता लॅबच्या भिंतीवर आहे. पहिल्यासारखा देखणा नाही. रेघ चढते, 64 केबीच्या आसपास वाकते आणि पुढं जवळजवळ आडवी चालते. शेजारी मी जुना, आकाशाकडं जाणाराही लावलाय, आणि खाली सिग्नल 13 ची ती एक ओळ प्रिंट काढून चिकटवलीय. पोरं विचारतात की सर, हे 13 काय आहे. मग प्रॅक्टिकल तिथूनच सुरू होतं. आता माझ्याकडं कुणाचाही प्रोग्राम आला की मीही उत्तर न सांगता आधी विचारतो, तू काय मोजायलास. मागच्या आठवड्यात औशाची एक मुलगी या प्रश्नावर पाच मिनिटं गप्प उभी राहिली, मग "थांबा सर" म्हणाली आणि कागद घेऊन परत जाग्यावर जाऊन बसली.

सहावा पॅच तयार आहे. बफर 1 एमबीपर्यंत वाढवून बघायचा. साध्या वापरकर्त्याला मुळात तेवढीच मुभा असते. या वेळी कारण आधी लिहिलंय, कोड नंतर. घाई अजिबात नाही, दिवाळी होऊ द्या. अंबाजोगाईला याल तेव्हा तासाभराची वाट वाकडी करून लातूरला या, आईनं धपाट्यांचं आमंत्रण दिलंय आणि पोरांनाही तुम्हाला बघायचंय.

कळावे, लोभ आहेच.

तुमचा धाकटा भाऊ,
लॅब क्रमांक तीन, लातूर