आईच्या दुखण्यामागचा दाह समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

कापूस वेचून वेचून आईच्या बोटांची झीज झाली, असे अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात सर्वांनी धरूनच चालले होते. धुळ्याच्या दवाखान्यात आपण तिचे हात पाहिले आणि बोटांच्या मुळाचे व मधले सांधे सुजलेले असताना टोकाचे सांधे मोकळे आहेत, शिवाय सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, हे हेरून आमवाताची (रुमेटॉइड आर्थरायटिसची) शंका घेतली. पुढे अँटी-सीसीपी या रक्ततपासणीने ती खरी ठरवली. या निदानाबद्दल मी ऋणी आहेच, परंतु हे जाहीर पत्र त्यानंतर आपण शांतपणे जे समजावून सांगितले त्यासाठी आहे.

सांध्याच्या आतले पातळ अस्तर शरीराच्याच प्रतिकारक पेशींनी भरून जाड होते, त्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 यांसारखी निरोप पोहोचवणारी प्रथिने सोडतात आणि त्यांच्या सांगण्यावरून कूर्चा व हाड पोखरले जाते, हे आपल्यामुळे कळले. हेच इंटरल्युकिन-6 रक्तावाटे यकृतात जाऊन सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन वाढवते आणि शरीरातले लोह साठ्यातच अडकवून ठेवते. लोहाच्या गोळ्या घेऊनही आईचे हिमोग्लोबिन का चढत नव्हते, याचे उत्तर तिच्या बोटांच्या सुजेत होते, हे ऐकून मी थक्क झाले; तोवर आम्ही तिचा थकवा आणि तिचे हात ही दोन वेगळी दुखणी समजत होतो.

वेदनाशामक गोळीने ठणका उतरतो, पण हाडाची पोखरण थांबत नाही, हे आपण निक्षून सांगितलेत. ती पोखरण रोखण्यासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावरही देतात हे कळल्यावर आई घाबरली, तेव्हा आमवातात त्याची मात्रा फार कमी असते, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि गुण यायला कित्येक आठवडे लागतात, हे आपण तिला अहिराणीत सांगितलेत. अशा औषधांच्या मुळाशी आपल्याच देशातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या शास्त्रज्ञांच्या चमूचे संशोधन आहे, हे तिला विशेष भावले. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी 1992 साली टीएनएफ रोखणारे औषध प्रथम रुग्णांना देऊन पाहिले, त्याची माहितीही आपण दिलीत. मात्र टीएनएफ क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवते, म्हणून ते रोखणाऱ्या औषधाची गरज पडल्यास आधी क्षयाची तपासणी करावी लागेल, हे सांगायला आपण विसरला नाहीत. आशा आणि सावधगिरी एकाच बैठकीत देणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

आई आता कळण्याची भाकरी स्वतः थापते, आणि मेथोट्रेक्सेटसाठी करावी लागणारी यकृताची रक्ततपासणी एकदाही चुकवत नाही. ‘आठवड्यातून एकदाच, रोज नाही’ असे ठळक अक्षरांत लिहून आपण दिलेल्या कागदाची प्रत गावातील आशाताईंना द्यावी, असे मनात आहे. आपली संमती असावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाची मुलगी