शेवाळ खराट्याने काढू, पोत्याने नको : पावसाळ्यापूर्वीच्या कामासाठी मदतीचे आवाहन

ठाण्यातील सर्व रहिवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि दुकानदार बंधु-भगिनींना सप्रेम नमस्कार.

मुंबई-ठाण्यात मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सोसायट्यांत एकच प्रकार घडतो. पोडियमवर, पार्किंगच्या रॅम्पवर, पाण्याच्या टाकीमागच्या वाटेवर हिरवा-काळा थर चढतो, कोणीतरी घसरून पडते आणि दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग पावडरचे पोते फोडले जाते. यंदा ती वेळ येऊ नये म्हणून तलावाकाठच्या आणि खाडीकाठच्या सोसायट्यांच्या आमच्या समन्वय समितीने शेवाळ ब्लीचिंगऐवजी घासून काढण्याचे काम हाती घेतले आहे. त्याला माणसे, अवजारे आणि थोडे पैसे हवे आहेत. काय हवे ते पुढे लिहिलेच आहे. पण ब्लीचिंगऐवजी खराटा का, हे आधी पटले पाहिजे. नाहीतर अवजारे जमतील आणि वॉचमनच्या खोलीत पडून राहतील.

फरशीवरचे शेवाळ म्हणजे बहुतांशी नीलहरित शैवाल. त्याच्या पेशींभोवती बुळबुळीत आवरण असते, ते पाणी धरून ठेवते आणि त्यावरूनच पाय सटकतो. ब्लीचिंगने पेशी मरतात, रंग उडतो, फरशी पांढरी दिसते. पण तो बुळबुळीत थर जागेवरच राहतो. मेलेल्या शेवाळावरूनही पाय घसरतोच. ते घासून उचलावेच लागते. आणि घासायचेच असेल, तर आधी पावडर टाकून काय साधले? त्यातून कोरडी पावडर भर पावसात भुरभुरली, तर शेवाळावर काम करायला लागणारी दहा मिनिटेही तिला मिळत नाहीत. ती जाळीतून थेट पावसाळी गटारात जाते. पोते एकदा उघडले की दमट हवेत पावडरीतला क्लोरीन उडत जातो, मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ म्हणून दुप्पट टाकली जाते. पाहुणे येणार म्हणून गटाराच्या कडेने ओढलेल्या पांढऱ्या रेघेबद्दल तर न बोललेले बरे.

पावसाळी गटार आणि मलवाहिनी या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. मलवाहिनीचे पाणी प्रक्रिया केंद्राकडे जाण्यासाठी असते. पावसाळी गटाराचे पाणी मात्र कुठेही न थांबता नाल्यात, तलावात किंवा ठाणे खाडीत उतरते. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी हे आपले तलाव. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

आता हिशेब पाहा. चांगल्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, म्हणजे एका किलोत ३०० ग्रॅम. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अल्पकाळासाठी ठरवलेली मर्यादा लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम आहे. तेवढे विरळ करायचे, तर एका किलोला सुमारे १ कोटी ५८ लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड हजारांहून अधिक टँकर. प्रत्यक्षात वाटेतल्या चिखलात आणि उन्हात बराच क्लोरीन संपतो, त्यामुळे सगळा तलावात पोहोचत नाही हेही खरे. पण मुसळधार सरीत, काठावरच्या सोसायटीतून, काही मिनिटांत जे पोहोचते ते कमी नसते. घरी मासे पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून ते रात्रभर भांड्यात उघडे ठेवल्याशिवाय मत्स्यपेटीत ओतत नाहीत. तलावांच्या दुखण्याचे सगळे खापर ब्लीचिंगवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. सांडपाणी आणि निर्माल्य हे मोठे रोग आहेत. पण ते सोसायटीच्या फाटकात थांबत नाहीत. हे थांबू शकते.

ब्लीचिंग बंद म्हटल्यावर जे इतर उपाय सुचतात, ते बहुतेक त्याहून वाईट. अ‍ॅसिड सिमेंट आणि कोटा लादी दोन्ही खाते, कारण कोटा हा मुळात चुनखडीचा दगड. पृष्ठभागावर खळगे पडतात आणि पुढच्या वर्षी शेवाळाला धरायला आणखी जागा मिळते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंदिस्त बेसमेंटमध्ये तो जिवावर बेतू शकतो. मोरचुदातले (कॉपर सल्फेटमधले) तांबे विघटित होत नाही, तळाच्या गाळात साठत राहते आणि पावसाच्या मृदू पाण्यात माशांना अधिकच बाधते. जाडे मीठ निरुपद्रवी वाटते, पण बर्फ पडणाऱ्या देशांत पायवाटांवर टाकलेल्या मिठाने तळी खारट झाली आहेत, कारण पाण्यात विरघळलेले क्लोराइड गाळणीने वा निवळून निघत नाही. आपल्याकडे त्याचा आणखी एक तोटा आहे: पोडियमच्या स्लॅबमध्ये मीठ मुरले की आतली सळई गंजते. गळती दुरुस्तीचा खर्च कोणाला माहीत नाही?

म्हणून काम मेमध्येच. कडक उन्हात शेवाळ वाळून पापडी होते. ती पाणी न लावता, कोरडीच, पुट्टीच्या पत्र्याने आणि खराट्याने खरवडायची. शंभर चौरस फुटांना एका माणसाला साधारण वीस मिनिटे लागतात. निघालेला भुगा झाडून गोणीत भरायचा आणि ओल्या कचऱ्यात किंवा खतखड्ड्यात टाकायचा. पाइप लावून तो वाहून लावला, तर सगळी मेहनत वाया गेली असे समजा. तोच भुगा कोपऱ्याकोपऱ्यात बसून पहिल्या सरीला पुन्हा हिरवा होतो. धूळ उडते, तेव्हा नाकावर रुमाल किंवा मास्क हवा. तारेचा ब्रश शक्यतो नको. त्याच्या तुटलेल्या तारा लादीत अडकून गंजाचे डाग पडतात.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओली घासणी. आधी जवळच्या जाळीभोवती वाळू भरलेल्या गोणपाटाची वळकटी लावा. थोडी जागा असेल, जिन्याच्या पायऱ्या किंवा लिफ्टसमोरचा पट्टा, तर कढत पाणी ओतून पाच मिनिटे थांबा. मग लांब दांड्याच्या कडक नायलॉन ब्रशने आडवे आणि उभे घासा, राडा वायपरने एका बाजूला ओढा, फावड्याने घमेल्यात घ्या आणि झाडांच्या आळ्यात टाका. काम संपताच गोणपाट उचलायचेच. ते जाळीवर विसरले आणि रात्री जोराचा पाऊस झाला, तर पार्किंगमध्ये पाणी भरेल आणि आमच्या उपक्रमाला पहिली शिवी तिथेच बसेल. हे काम नावानिशी एकाच माणसाकडे द्या.

प्रेशर वॉशर मोठ्या पोडियमसाठी उपयोगी आहे. लहान यंत्राला मिनिटाला सहा-सात लिटर पाणी लागते. पंख्यासारखी धार पडणारा नोझल वापरा आणि तो जमिनीपासून एक फूट लांब ठेवा. जवळून, टोकदार धारेने मारले की पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू उडते, ब्लॉक डुगडुगू लागतात आणि त्या फटींत पाणी साचते. वाळू उडालीच, तर ब्लॉक सुकल्यावर बारीक कोरडी वाळू झाडूने भरून घ्या. यंत्र आर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सॉकेटवरच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवणे हा गुन्हाच समजावा.

घासायला वेळ नाही आणि वाट आजच सुरक्षित हवी, अशा वेळी दगडी ग्रिट, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, टाका. दोन ते चार मिलिमीटरचे, कोनदार. चौरस मीटरला दोन मुठी पुरतात. गोल बारीक रेती चालत नाही, ती स्वतःच पायाखाली घरंगळते. लाकडाचा भुसा दोन दिवसांत कुजून नवा बुळबुळीत थर तयार करतो. ऊन पडले की ग्रिट झाडून परत पोत्यात भरा, पुन्हा वापरता येते. जाळीत गेले तर चेंबर तुंबतो. रबरी मॅट भोकाची घ्या आणि रोज रात्री उभी करून ठेवा, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरते. पायऱ्यांवरची अँटी-स्किड पट्टी ओलसर दगडाला चिकटत नाही, म्हणून तीही मेमध्येच लावायची.

खरा बंदोबस्त मात्र पाणी अडवण्याचा. जिथे शेवाळ दरवर्षी येते, तिथे वर पाहा. गच्चीचा पन्हळ वाटेवर सुटतो का? एसीचे पाणी ठिबकते का? टाकीचा फ्लोट बिघडून पाणी ओसंडते का? शंभर-दोनशे रुपयांच्या वायसरने चार महिन्यांची घासणी वाचल्याची उदाहरणे आहेत. सावली करणारी फांदी छाटायची असेल, तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. रॅम्प गुळगुळीत असेल, तर गवंड्याकडून त्यावर तिरक्या खाचा पाडून घ्या, पाणी दोन्ही कडांना उतरेल अशा.

एवढे करूनही एखाद्या जागी ब्लीचिंग लागलेच, तर दहा लिटरच्या बादलीत ५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पुढचे चोवीस तास पावसाची शक्यता नसताना ब्रशने लावा, दहा मिनिटांनी घासा आणि पुसून काढलेले पाणी संडासात ओता, पावसाळी गटारात नव्हे. टाकी धुतल्यावरचे क्लोरीनचे पाणीही तसेच. साथीच्या काळात आरोग्य विभागाने सांगितलेल्या निर्जंतुकीकरणाला आमचा विरोध नाही. तलावाच्या घाटावर आणि विसर्जनाच्या कृत्रिम तलावांच्या पायऱ्यांवर मात्र फक्त ब्रश आणि ग्रिट.

आम्हाला काय हवे

प्रत्येक सहभागी सोसायटीला एक संच द्यायचा आहे: दोन खराटे, दोन लांब दांड्याचे नायलॉन ब्रश, एक पुट्टीचा पत्रा, वायपर, फावडे, दोन घमेली, चार गोणपाटे, २५ किलोची ग्रिटची दोन पोती, आणि सफाई करणाऱ्यांसाठी गमबूट व रबरी हातमोज्यांचे दोन जोड. गमबुटांकडे दुर्लक्ष नको. शेवाळावर चपला घालून जे काम करतात, तेच सगळ्यात आधी पडतात. सगळ्यांत मिळून दोन प्रेशर वॉशर घ्यायचे आहेत. ते पाळीने फिरतील.

ज्या सोसायटीला झेपेल तिने २,५०० रुपये द्यावेत. ज्यांना झेपणार नाही, त्या जुन्या आणि छोट्या इमारतींना संच तसाच मिळेल. म्हणूनच वैयक्तिक देणगी हवी आहे, मग ती शंभर रुपये का असेना. रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम सोसायटीच्या खात्यातूनच जमा होईल, पावती मिळेल आणि जमाखर्च प्रत्येक सहभागी सोसायटीच्या सूचना फलकावर लागेल. हार्डवेअरवाल्यांनी आणि बांधकाम साहित्य विकणाऱ्यांनी वस्तूच दिल्या तर उत्तम. ग्रिट देणाऱ्यांना एकच विनंती, माल चाळून, माती नसलेला द्यावा.

प्लंबर, वायरमन आणि गवंडी यांचा एकेक रविवार मिळाला तर फ्लोट, सॉकेट आणि रॅम्प तपासून होतील. निवृत्त मंडळींनी आपापल्या आवाराचा नकाशा काढून द्यावा: शेवाळ कुठे येते, वरचे पाणी कुठून येते, कोणती जाळी पावसाळी गटाराची आणि कोणती मलवाहिनीची. अनेक सोसायट्यांत हे शेवटचे कोणालाच ठाऊक नसते. शंका असेल तर जाळीत बादलीभर साधे पाणी ओता आणि पुढचे चेंबर उघडून पाहा, ते कुठे निघते.

आपले नाव, इमारत आणि देऊ शकणारी मदत आपल्या सोसायटीच्या सचिवांकडे १० मेपर्यंत लिहून द्यावी. संचांचे वाटप मेच्या तिसऱ्या आठवड्यात होईल, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी सात ते नऊ कोरड्या खरवडणीचे प्रात्यक्षिक. येताना जुने कपडे, पाण्याची बाटली आणि टोपी आणावी.

आपले नम्र,
समन्वय समिती, तलावकाठ व खाडीकाठ गृहनिर्माण संस्था, ठाणे