बाल्टिमोरचं मैदानही पाहून या

महोदय,

मुलांकडे अमेरिकेला गेलेली आपली मंडळी नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन पाहून परततात. वॉशिंग्टनपर्यंत जाताच आहात, तर बाल्टिमोरला एक मुक्काम अवश्य करा. भर शहरातलं कॅम्डेन यार्ड्स हे बेसबॉलचं मैदान 1992 साली सुरू झालं. रेल्वेचं जुनं, विटांचं लांबलचक गोदाम न पाडता त्याच्या कुशीतच ते बांधलं आहे. गोदाम आणि मैदान यांच्यामधल्या युटॉ स्ट्रीटवर जिथं जिथं होमरन (षटकारासारखा थेट मैदानाबाहेर मारलेला चेंडू) येऊन पडला, तिथं चेंडूच्या आकाराची पितळी पाटी बसवली आहे. वाकून एकीवर हात फिरवला. उन्हानं चांगलीच तापली होती. मी आयुष्यभर क्रिकेट पाहिलं, पण फटक्याची अशी आठवण जपलेली कुठं दिसली नव्हती.

राहायला बंदराकाठचा इनर हार्बर हा भाग बरा. तिथून मैदान चालत दहा-पंधरा मिनिटांवर, मत्स्यालयही जवळच. बेसबॉलचा गाजलेला खेळाडू बेब रूथ 1895 साली जिथं जन्मला ते घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथं आता संग्रहालय आहे. जिने अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी जपून चढावं.

जेवायला 1782 पासूनचं लेक्सिंग्टन मार्केट. तिथला क्रॅब केक खाताना मला आईच्या हातच्या चिंबोऱ्या आठवल्या, मसाला अगदी वेगळा असूनही. आपल्या पर्यटन पुरवणीत या शहराला एक पान द्यावं, ही मनापासून विनंती.

– एक निवृत्त शिक्षक