स्प्रिंग तुटल्याचं पत्र

पार्मा, ओहायो
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय शैले,

तिळगूळ घे, गोड बोल. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी बोल. दिवाळीला तू एवढा लांबलचक मेसेज लिहिलास आणि मी त्यावर नुसता अंगठा पाठवला, ते तुला लागलं, हे मला मंदाकडून कळलं. मंदाला मध्ये घालायची काय गरज होती? सरळ शिव्या घालायच्यास. असो. आमच्या तब्येती ठीक. सुधीरची शुगर आहे तिथे आहे, माझा खांदा थंडीत कुरकुरतो. झालं.

लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे आमच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली. हसू नकोस. सुधीरला आणि रोहनला यात एक नादुरुस्त दार दिसतं आणि त्याच्यापुढे डॉलरचा आकडा दिसतो. मी रात्री जागी राहून त्या दाराचा विचार का करते, हे सांगायला मला आख्ख्या अमेरिकेत माणूस नाही.

गेल्या आठवड्यात बाहेर उणे अठरा होतं. सकाळी चहा टाकला होता आणि भिंतीपलीकडे असा काही आवाज झाला की कपबशा हलल्या. सुधीर वरून ओरडला, “खाली बस! कुणीतरी गोळी झाडली!” स्वतः मात्र वरच राहिला. मी गॅरेजमध्ये डोकावले, तर समोरच्या भिंतीच्या बोर्डात मूठ जाईल एवढं भोक, उजव्या रुळावरून केबल लोंबतेय, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटून सगळा खार गाडीच्या बॉनेटवर. स्प्रिंगचा अर्धा तुकडा मागे फळीवर जाऊन पडलेला. त्या जागी मी रोज उभी राहून बूट घालते.

तू डोळ्यांपुढे आण. दार लाकडी, चार आडव्या फळ्यांचं, बिजागऱ्यांनी जोडलेलं, वर जाताना वळून छताखाली आडवं होणारं. घर 1955 चं, दारही बहुधा तेव्हाचंच. आडव्या रुळांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक ताणाची स्प्रिंग, पुढे फिरती पुली, पुलीवरून केबल दाराच्या तळाला. दार बंद असलं की स्प्रिंगा पुऱ्या ताणलेल्या. मी नंतर हिशोब केला, पाकिटाच्या पाठीवर. वजन 190 पौंड, उंची सात फूट, तर एकेका स्प्रिंगमध्ये साडेचारशे ज्यूलच्या आसपास. म्हणजे सिमेंटचं पोतं कमरेच्या उंचीवरून टाकावं तेवढं, आणि ते सगळं एका क्षणात, कुठल्या दिशेला ते तिची तीच ठरवणार. अशा स्प्रिंगच्या पोटातून एक साधी तार ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवतात, म्हणजे तुटली तरी तिथेच लोंबकळते. 2009 मध्ये ज्याने या स्प्रिंगा बसवल्या, त्याने ती ओवली नव्हती. दहा-पंधरा डॉलरची तार, शैले! आणि साध्या स्प्रिंगचं आयुष्य धरतात 10,000 उघडझाक. दिवसाला दोनदा धरलं तरी आमची केव्हाच त्यापुढे गेली होती. फटीग, पुन्हापुन्हा ताणून धातू थकतो तो. थंडीचं निमित्त.

फटीगवरून आठवलं, तुझा तो गुन्हा मी अजून माफ केलेला नाही. हनुवटी सरांची व्हायवा. तुझा नंबर आधी. त्यांनी तुला विचारलं, टॉर्शन स्प्रिंगच्या तारेत कोणता स्ट्रेस येतो. तू बेंडिंग म्हणालीस, शाबासकी घेतलीस, बाहेर आलीस आणि माझ्याशेजारून पदर, चुकले, ओढणी सावरत निघून गेलीस. अख्ख्या मेकॅनिकलला आपण दोन मुली. आत मला तोच प्रश्न, आणि मी टॉर्शनल शिअर म्हणून मोकळी. मग त्यांचं ते हसणं. पिळाच्या स्प्रिंगची तार वाकते आणि ताणाच्या स्प्रिंगची तार पिळली जाते, हे मी त्या दिवसापासून झोपेतसुद्धा सांगू शकते, आणि ते शिकवल्याबद्दल तुझे आभार मानणार नाही.

तर दुरुस्तीवाला. पहिला आला तो मोठ्या कंपनीचा, बूट चकचकीत. दोन मिनिटं वर बघितलं, दाराला हात लावला नाही, आणि सुधीरला सांगायला लागला, नवं स्टीलचं इन्सुलेटेड दार, नवी टॉर्शन स्प्रिंग, नवा ओपनर, म्हणजे दार वर-खाली करणारी मोटर, सगळं एका दिवसात. सुधीरला! ज्याला पाना आणि पक्कड यातला फरक बॅलन्स शीटवर लिहून द्यावा लागतो. मी विचारलं, टॉर्शन शाफ्ट बसवायला दारावर साधारण बारा इंच मोकळी जागा लागते, इथे तुळईखाली आठ इंचही नाहीत, तेव्हा कमी उंचीचा दुहेरी रूळ लावणार का? त्याने सुधीरकडे बघूनच उत्तर दिलं, “ऑफिस ठरवेल.” मी त्याला दारापर्यंत पोचवलं. म्हणजे घराच्या दारापर्यंत, ते एक चालू होतं.

दुसरा म्हातारा. पोलिश, इथल्याच वस्तीतला, जुनी व्हॅन, एकटाच. तो आधी काही बोललाच नाही. राहिलेली स्प्रिंग सुटी केली, आणि मला म्हणाला बाथरूममधला वजनकाटा आणा. दार काट्यावर टेकवलं. 190 पौंड तिथूनच कळले. (सुधीरचंही तेवढंच. तो म्हणाला दार ओलं असेल.) पण ओलं खरंच होतं. सत्तर वर्षांचं लाकूड, त्यावर रंगाचे थर, खालची पट्टी पाणी पिऊन मऊ झालेली. म्हाताऱ्याने तिच्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो सहज आत गेला. स्प्रिंग निवडायची ती दाराच्या वजनावरून, जुन्या स्प्रिंगच्या मापावरून नाही, असं तो म्हणाला. रंग चढत गेला की दार जड होतं आणि जुनी स्प्रिंग कमजोर पडते. आणि बदलायच्या तर दोन्ही. एक नवी एक जुनी ठेवली की दार तिरकं ओढतं.

मग त्याने मला एक गोष्ट दाखवली, ती मी इतकी वर्षं त्या घरात राहून बघितलेली नव्हती. तळाची पट्टी सरळ नाहीये. डाव्या टोकाला जवळजवळ इंचभर जास्त रंधलेली आहे. गॅरेजची फरशी हिवाळ्यात उचलते, उन्हाळ्यात बसते, असं करत करत एका बाजूला चढलेली. कुणीतरी केव्हातरी रंधा घेऊन दार त्या उताराला जुळवून घेतलंय. “स्टीलचं दार काटकोनात येतं,” म्हातारा म्हणाला, “त्याला रंधा लागत नाही. एका बाजूला फट राहील, मग जाड रबर लावा, मग तिथून उंदीर येतील, मग मला बोलवा.” आतल्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने तेल घातल्याच्या तारखा आहेत, सगळ्यात वरची 1961 ची. पहिला मालक स्टॅम्पिंग प्लांटमध्ये होता म्हणे. त्याच्या अक्षरावरून दिसतंच, आपल्या वर्कशॉपमधल्या जॉब कार्डसारखं टोकदार.

ओपनर मात्र तो परत जोडायला तयार नाही. आम्ही घर घेतलं 1994 मध्ये, तेव्हाच तो जुना होता. 1993 पासून इथे बनणाऱ्या प्रत्येक ओपनरला मध्ये काही आलं तर दार उलटं फिरवायची सोय लागते, म्हणून दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत ते सेन्सरचे डोळे असतात. आमचा आंधळा. रोहन लहान असताना त्या दाराखालून सायकल काढायचा, हे आठवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नवा बसवला की आडवी फळी ठेवून बघायचं, दार टेकल्यापासून दोन सेकंदांत मागे फिरलं पाहिजे. हा खर्च मला मान्य. त्यावर माझं आणि सुधीरचं भांडण नाहीच.

भांडण दाराचं आहे. आणि दाराचंही नाही. सांगते.

रोहनने ऑस्टिनला घर घेतलंय. मोठं आहे. गॅरेजवर एक खोली, वेगळी न्हाणी, वेगळा जिना. ती आमच्यासाठी. “आई, तुला आता बर्फ काढायला नको,” म्हणतो. मुलगा चांगला आहे गं, त्याच्याबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. सुधीरने मला न विचारता घरविक्रीच्या बाईला बोलावलं. तिने घरभर फिरून सांगितलं, स्वयंपाकघर राहू दे, न्हाणी राहू दे, आधी गॅरेजचं दार बदला. रस्त्यावरून पहिलं तेच दिसतं, आणि घातलेला पैसा परत देणाऱ्या कामांच्या यादीत ते दरवर्षी वरच्या नंबरांत असतं. तिचं खरं असेल. सुधीर लगेच तिच्या बाजूने. हिशोबाचा माणूस, त्याला आकडा दाखवला की तो देवासमोर बसल्यासारखा बसतो. म्हणजे बघ हं, गॅरेजवर राहायला जायचं, म्हणून आधी इथलं गॅरेज सजवायचं.

मी म्हातारा निवडला. सुधीर म्हणतो तू हट्ट करतेस, सत्तर वर्षांच्या लाकडावर पैसे घालतेस. मी त्याला फरशीचा उतार सांगितला, तुळई सांगितली, 1978 च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं म्हणून दार तोडणं-घासणं सांभाळून करावं लागतं तेही सांगितलं. सगळं खरं आहे आणि सगळं पाठ आहे. पण रात्री कळतं की मी स्टीलच्या दाराला घाबरत नाही. ते दार लागलं की घर विकायला निघालं, एवढंच. दुरुस्त केलं तर आम्ही इथे राहतोय.

हे तुला सांगायला जीभ अडखळते, कारण मिरजेचा वाडा गेला तेव्हा मी फोनवर काय बोलले होते ते तुला शब्दन् शब्द पाठ असणार. “शैले, प्रॅक्टिकल हो.” तू फोन ठेवलास आणि गणपतीपर्यंत घेतला नाहीस. ते वाक्य आता माझ्या तोंडावर मारायचं असेल तर मार, पण पत्रात मार, मंदाकडून नको. शिवाय तुमचा वाडा पडायला आला होता, हे तूही कबूल कर. माडीवर चालताना मामंजी म्हणायचे ना, एकेकाने या, सगळे एकदम नको!

तरीही एक विचारायचं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर आपण दोघींनीही तो विषय काढला नाही. फ्लॅटमध्ये तुला झोप कधी लागायला लागली? पहिल्या वर्षी? की अजून नाही? दिनूभावजी तर मजेत दिसतात, लिफ्टचं कौतुक करतात, पण ते कशाचंही कौतुक करतात. तुझं सांग. खरं सांग, मला समजूत घालणारं नको. आणि निघायच्या आधी तू एकटीच दुपारी वाड्यात जाऊन काय करत होतीस? तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. आता मी कोटावर शाल घेऊन गॅरेजमध्ये उभी असते आणि सुधीर काचेतून बघतो.

रोहनच्या तिथलं दार फोनवरून उघडतं. तो मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डिलिव्हरीवाल्याला दार उघडून देतो. छान आहे. मला तिथे करण्यासारखं काय आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. इथे निदान रुळांच्या चाकांना वर्षातून दोनदा तेल घालते.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस की नुसती ऐकतेस? प्राजूच्या लग्नाची तारीख ठरली का? मुलाकडचे लोक मला फोटोत बरे वाटले, मुलाची मावशी सोडून. आहेर काय करू ते लिही, सोनं नको म्हणाली होतीस तर मग नक्की काय? विश्रामबागला यंदा थंडी आहे का? कॉलेजच्या मेळाव्याला जाणार असशील तर हनुवटी सर येतायत का ते बघ, आणि त्यांना सांग की ओहायोत एका बाईने ताणाच्या स्प्रिंगचा हिशोब पाकिटावर बरोबर केला.

म्हातारा गुरुवारी येतोय, नव्या स्प्रिंगा आणि तारा घेऊन. तळाची मऊ पट्टी काढून नवं लाकूड बसवणार, आणि त्याला तोच उतार रंधणार. मी त्याला सांगितलंय, शेजारी उभी राहून बघणार. तो म्हणाला शेजारी राहा, मागे नको. सुधीरने अजून त्या बाईच्या कागदावर सही केलेली नाही, पण कागद फ्रिजवर चुंबकाखाली आहे. बुधवारपर्यंत फोन केलास तर बरं होईल. तुझ्या रात्री कर, माझी सकाळ असते, सुधीर तेव्हा आंघोळीत असतो आणि मला मोकळेपणाने बोलता येतं.

आणि मंदाचा भाचा मार्चमध्ये क्लीव्हलंडला येतोय. त्याच्याबरोबर भडंग पाठव, लसूण जास्त. लोणचं मी पुन्हा घातलंय, या वेळी बरणी खालच्या फळीवर.

तुझी,
उज्जू