पंपावरून निघताना

मनू,

काल फोनवर तुझ्या आइसलँडच्या ड्रायव्हिंगवरून मी जरा जास्तच बोललो. तू "बाबा, पुण्यात रोज गाडी चालवते मी" म्हणून फोन ठेवलास आणि तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणून लिहितोय, गाडीबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तर थंडी. आइसलँडला सप्टेंबरात पण वारा भयंकर असतो म्हणे, काकूचा जांभळा स्वेटर घे, नको म्हणू नकोस. वाऱ्यावरून आठवलं, गाडीचं दार घट्ट धरून उघड, तिकडे वाऱ्याने दार उलटं फिरतं आणि इन्शुरन्सवाले बरेचदा हात वर करतात. आयडीपीसोबत, म्हणजे त्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसोबत, आपलं मूळ लायसन्स पण जवळ ठेव. हेडलाइट दिवसा पण चालू, कायदाच आहे. डांबरी रस्त्याला ९०, खडीला ८०, पण डांबर संपून खडी लागते तिथेच गाडी घसरते, आधीच स्लो कर. आणि दोन लेनच्या सर्कलमध्ये आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे मी दोनदा वाचलं तरी पटलं नाही.

झालं सुरू माझं. सॉरी.

खरं सांगू का, ट्रॅफिकची मला भीती नाहीच. पुढे चार गाड्या असल्या की माणूस आपोआप त्यांच्या मागे जातो. पण सकाळी पंपावर पेट्रोल भरलं, कॉफी घेतली, गप्पा मारत बाहेर पडलात आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, की सवयीने गाडी डावीकडे. अण्णांच्या वेळी पण रस्ता रिकामाच होता. जाऊ दे ते.

ग्राउंडवर आपली मारुती ८०० शिकत होतीस, आठवतं? तीनदा बंद पाडलीस, चौथ्यांदा सुटली ती थेट गोलपोस्टकडे, मी हँडब्रेक ओढला तर माझ्यावरच ओरडलीस, "मी दाबत होते ना ब्रेक!" खरंच दाबत होतीस, तुझा पाय दिसला होता मला. कधी बोललो नाही.

तिकडचे लोक पण आधी आपल्यासारखे डावीकडूनच चालवायचे. २६ मे १९६८ ला सकाळी अख्खा देश उजवीकडे गेला. त्यांना जमलं तर तुला का नाही जमणार. फक्त त्या दिवशी सगळेच नवशिके होते, आता तू एकटीच असशील.

पोरगी आइसलँडला वळसा घालणाऱ्या रिंग रोडचे तेराशेच्या वर किलोमीटर स्वतः चालवणार हे कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालंय माझं. आई म्हणते फोनवर भांडतोस आणि बाहेर मिरवतोस.

एकच कर. पंपावरून निघताना रेवाला मोठ्याने "उजवीकडे" म्हणायला सांग. झोपली असेल तर उठव तिला.

बाबा