चंद्राच्या फोटोंना कुलूप कशाला, मंत्रिमहोदय?

माननीय अंतराळमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

चांद्रमोहिमेची कच्ची छायाचित्रे आणि नोंदी सहा महिन्यांत सर्वांसाठी खुल्या करू, असे आपण भर सभागृहात सांगितले होते. बाके वाजली होती. गेल्या आठवड्यात परिपत्रक निघाले: माहिती फक्त 'मान्यताप्राप्त संस्थांना'. माझा अर्ज परत आला. 'प्रयोजन' या रकान्यात मी खरे तेच लिहिले होते, कुतूहल. त्यावर शेरा: 'प्रयोजन ग्राह्य नाही.' शिवाय विभागप्रमुखाची सही नाही. मी निवृत्त माणूस, घरी बसून काम करतो. माझी विभागप्रमुख म्हणजे बायको. तिची सही चालेल का, तेवढे कळवावे.

काम म्हणजे काय, तेही सांगतो. गुरूभोवतीचे जूनो यान स्वतःभोवती गिरक्या घेत असते. त्यामुळे त्याच्या कॅमेऱ्यातून अख्खा गुरू एकदम येत नाही. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरच्या अरुंद पट्ट्या येतात. त्या जुळवून मी अख्खे रंगीत चित्र उभे करतो. पट्टी केसभर जरी सरकली तरी ढगांच्या कडेला भलताच रंग सुटतो आणि रात्रभराची मेहनत पाण्यात. डोळ्यांचा नंबर वाढला, मान धरली, दमडी मिळाली नाही. त्याची तक्रार नाही. नासा निदान त्या पट्ट्या कच्च्याच्या कच्च्या सगळ्यांपुढे टाकते, कोण कुठला विचारत नाही. आपल्या घरचे यान मात्र मला शिक्का मागते!

बाहेरच्यांना काय कळते, असे आपल्या साहेबांना वाटत असावे. सूर्यावर नजर ठेवणारे सोहो यान १९९५ मध्ये गेले. त्याच्या चित्रांत पाच हजारांवर धूमकेतू सापडले, त्यातले बहुतेक हौशी लोकांना. १९७९ मध्ये गुरूच्या आयो या चंद्रावर जागा ज्वालामुखी दिसला तो लिंडा मोराबिटो यांना, आणि त्या होत्या यानाचा मार्ग तपासणाऱ्या अभियंता. दिशा ठरवण्यासाठी घेतलेल्या फोटोत कडेला छत्रीसारखा ढग उभा होता. त्यांचेही प्रयोजन ग्राह्य धरले नसते तुम्ही.

शुक्राचे घ्या. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या दोन रडारचित्रांत ज्वालामुखीच्या एका मुखाचा आकार बदललेला आहे. हे जगाला कळले २०२३ मध्ये! चित्रे उघड्यावर होती, म्हणून कुणीतरी पुन्हा बघितली. युरेनसजवळून तर आजवर एकच यान गेले, व्हॉयेजर-२, तेही १९८६ मध्ये. त्या नोंदी अजून उकरल्या जातात. आणि कुलपात माहिती सुरक्षित राहते म्हणाल, तर अपोलो-११ च्या वेळी चंद्रावरून टीव्हीवर दाखवलेल्या दृश्यांच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष खुद्द नासाने काढला. सरकारी कपाटाचा भरवसा हा असा.

उड्डाणाला आमचा कर चालतो, टाळ्यांना आम्ही चालतो, फोटो बघायला लेटरहेड! आणि हे एकट्या तुमच्या खात्याचे नाही. पावसाच्या नोंदी मागा, भूजलाच्या मागा, जुने नकाशे मागा. शंभरातले नव्वद अर्ज त्या 'प्रयोजन' रकान्यातच मरत असतील. आकडा माझ्या मनचा आहे, खरा तुम्ही जाहीर करा ना! माहिती लोकांच्या हाती गेली की टेबलामागच्या माणसाचा रुबाब जातो, दुखणे सगळे तिथे आहे. चंद्रावर कसले आले हो राष्ट्रीय गुपित? तिथले खड्डे कोण चोरून नेणार आहे?

परिपत्रक मागे घ्या, एवढेच मागणे. कॅमेऱ्याच्या मोजणीची, म्हणजे तो रंग आणि आकार कसे टिपतो त्या मापांची, फाइलही सोबत द्या, नाहीतर चित्रे देऊन न दिल्यासारखीच.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, फाइली पाठवा.

आपला,
एक करदाता