थेट भाजीविक्रीचे सॉफ्टवेअर शेतकऱ्यांच्याच ताब्यात हवे

संपादक महोदय,

२०१६ साली राज्यात फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि शहापूर-मुरबाडकडच्या शेतकरी गटांना ठाणे, नवी मुंबईतील गृहसंकुलांत थेट माल विकणे सोपे झाले. मात्र मागणी नोंदवण्याची आणि हिशेब ठेवण्याची यंत्रणा अजून त्यांच्या ताब्यात नाही. ऐरोलीतील आमच्या संकुलात भाजी देणारा गट एका खासगी ॲपवरून मागणी घेत असे. ते ॲप बंद पडले आणि ग्राहकांची यादी, थकीत येणे, कोणत्या इमारतीत काय खपते याच्या नोंदी, सारेच गेले. आता व्हॉट्सॲपवर ‘बी-७०४, भेंडी अर्धा किलो, मेथी दोन जुड्या’ असे निरोप येतात आणि गटातील एक ताई रात्री बसून ते वहीत उतरवतात. तोडणी पहाटेची असल्याने चूक सुधारायला सवडच उरत नाही.

ऑस्ट्रेलियात सुरू झालेले ‘ओपन फूड नेटवर्क’ हे ना-नफा तत्त्वावरचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता व बदलता येतो असे सॉफ्टवेअर, नेमके याच कामासाठी आहे. मागणीची मुदत गटच ठरवतो आणि ती संपली की कोणत्या शेतकऱ्याने किती माल आणायचा व कोणत्या ग्राहकाला काय द्यायचे, याच्या याद्या तयार मिळतात. वाहतूक व हाताळणीचा खर्च मालाच्या किमतीपासून वेगळा मांडता येतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर हमाली-तोलाई जशी वेगळी दिसते, तसा हा खर्च येथे ग्राहकालाही दिसतो. ‘थेट शेतातून’ या पाटीपेक्षा ही उघड मांडणी मला कितीतरी मोलाची वाटते. शिवाय त्याचा ‘अफेरो’ परवाना असा आहे, की कोणी त्यात बदल करून इंटरनेटवर सेवा देऊ लागला, तर बदललेला कोडही त्याने वापरकर्त्यांना खुला करावा लागतो. त्यामुळे सेवा पुरवणारा बदलला, तरी गटाला तेच सॉफ्टवेअर दुसरीकडे चालवता येते, आणि नोंदींची प्रत जवळ ठेवली असेल, तर काम पुढे सुरू ठेवता येते.

केंद्राची ‘ई-नाम’ ही ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजाराची योजना २०१६ पासून आहे, पण तिचा भर बाजार समित्यांतील घाऊक लिलावावर आहे. संकुलातील किरकोळ वाटपाची गरज वेगळी आहे.

अर्थात कोड विनामूल्य असला, तरी सर्व्हर, बॅकअप, देखभाल आणि मराठी रूपांतर यांना पैसा व माणसे लागतात, आणि वीस-पंचवीस शेतकऱ्यांच्या गटाला हा भार एकट्याने पेलणार नाही. अनेक गटांनी तो वाटून घ्यावा, यासाठीच तर सहकार आहे. म्हणून सहकार विभाग व राज्य कृषी पणन मंडळाने ठाणे जिल्ह्यातील गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी एक सामायिक सर्व्हर उभारावा, त्याचा कारभार त्यांच्याच निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे द्यावा आणि शासकीय अनुदानातून विक्रीसाठी जे सॉफ्टवेअर घेतले जाईल, ते मुक्त परवान्याचेच असावे, अशी अट घालावी, ही विनंती.

— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई